एक रिमोट, दोन पेंग्विन

मी दुपारची व्हिडिओ गेम खेळत असे, असे सांगितले की माणसे माझ्याकडे जरा निराळ्याच नजरेने पाहू लागतात. दुपारी झोपत असे, विणकाम करीत असे, शेजारणीकडे गप्पा मारायला जात असे, यांतले काहीही साठी उलटलेल्या बाईला शोभते. पण टीव्हीसमोर सतरंजी टाकून ती रणगाडे चालवीत असे, हे कुणाच्या चटकन पचनी पडत नाही. माझ्या नातवाला तर ते मुळीच पटले नाही. गेल्या दिवाळीत तो पुण्याहून आला होता. पाडव्याचे औक्षण झाले होते, फराळाची ताटे उचलली गेली होती, आणि स्वारी कोपऱ्यात मोबाइलमध्ये डोके खुपसून बसली होती. मी सहज म्हटले, "आमच्या वेळचे गेम याहून बरे होते हो!" त्याने मान वर न करताच विचारले, "कोणते? मारिओ?"

"मारिओ साऱ्या जगाला ठाऊक आहे. मी म्हणते ते तुला ठाऊक नाहीत."

आता त्याने मान वर केली. आणि मग मला जे सांगावेसे वाटले, ते सगळे त्या नऊ वर्षांच्या पोराला सांगण्यासारखे नव्हते. ते येथे सांगते.

गोष्ट १९९६ सालच्या दिवाळीची. आमचे बिऱ्हाड तेव्हा औरंगाबादच्या सिडको भागात, एन-सातमध्ये होते. (शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले, पण माझ्या या आठवणी जुन्या नावाच्या दिवसांतल्या आहेत, तेव्हा तेच नाव तोंडात येते.) हे वाळूजच्या एका कारखान्यात पाळीवर जात. बोनस हाती आला आणि चिरंजीवांनी वर्षभर लावलेला धोशा अखेर फळाला आला. एका संध्याकाळी बापलेक गुलमंडीवरून एक खोके घेऊन परतले. खोक्यात एक चपटे यंत्र, दोन रिमोट, एक बंदूक आणि एक पिवळी कॅसेट. 'समुराई', 'मीडिया' अशा नावांची यंत्रे तेव्हा बाजारात होती. आमच्या यंत्राला मात्र धड नावही नव्हते. अँटेनाची वायर काढून त्या जागी याची वायर जोडायची, चॅनेल जुळवायचे, की मुंग्यांनी भरलेल्या पडद्यातून एकदम रंग उमटत.

पुढे मुलाकडून मला कळले की आमचे यंत्र म्हणजे जपानच्या एका यंत्राची नक्कल होती. निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिकॉम' नावाचे यंत्र बाजारात आणले; फॅमिकॉम म्हणजे फॅमिली कॉम्प्युटर. गंमत अशी की ही कंपनी मूळची क्योटो शहरातली, आणि १८८९ साली ती निघाली ती पत्ते बनवण्यासाठी. फुलांची चित्रे असलेले जपानी पत्ते! म्हणजे आपल्या सावंतवाडीच्या गंजिफा रंगवणाऱ्या चिताऱ्यांनी पुढे संगणक काढावा, तसलाच प्रकार. रिमोटवर डाव्या अंगठ्याखाली अधिक चिन्हाची जी कळ असे, तीसुद्धा त्याच कंपनीतल्या गुनपेई योकोई नावाच्या गृहस्थांची. १९८२ साली एका हातात मावणाऱ्या खेळासाठी त्यांनी ती योजली होती. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. चारच दिशा. आम्हां बायकांच्या स्वयंपाकघरात तरी यापेक्षा जास्त दिशा कुठे असतात?

कॅसेटीवर '९९९९ इन वन' असे छापलेले होते. प्रत्यक्षात खेळ दहा-बाराच. पुढे तेच नाव बदलून, तेच निराळ्या टप्प्यापासून. चिरंजीवांनी पहिल्या दिवशी मोठ्या निष्ठेने तीनशेपर्यंत मोजले आणि मग ते रडकुंडीला आले. कॅसेट चालेनाशी झाली की तिच्यात फुंकर मारायची, हे शास्त्र गल्लीतल्या प्रत्येक पोराला आईच्या पोटातूनच अवगत होते. खरे म्हणजे फुंकरीने काही होत नसे. उलट श्वासातल्या ओलाव्याने कॅसेटीची धातूची टोके गंजत. काम होत असे ते कॅसेट बाहेर काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. फुंकरीचे श्रेय मात्र सगळे आम्ही घेत असू.

आता घरातली परिस्थिती सांगते.

माझ्या सासूबाईंना मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आत्याबाई म्हणत असे. मामंजी १९९४ साली गेले, आणि आत्याबाई पैठणजवळचे गाव सोडून आमच्याकडे राहायला आल्या. त्यांच्याबरोबर एक पत्र्याची पेटी, एक घोंगडी आणि एक तांब्याचा हंडा आला. पेटी खाटेखाली गेली, घोंगडी खाटेवर गेली. हंडा जाईल कुठे? दोन खोल्यांचे घर. येता-जाता माझ्या पायाला त्याची ठेच लागे. १९९६ च्या श्रावणात एके दुपारी मोडीची भांडी घेणारा दारावर आला. आत्याबाई कीर्तनाला गेल्या होत्या. मी हंडा मोडीत घातला आणि त्यावर स्टीलचे दोन डबे घेतले. विचारायला हवे होते, हे मला तेव्हाही कळत होते. कळत होते म्हणूनच मी त्या घरात नसताना ते काम उरकले.

तो हंडा त्यांच्या आईने लग्नात दिलेला होता.

त्या भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर दोन दिवसांत सारे मिटले असते. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापासून आमचा अबोला सुरू झाला. ज्यांनी अबोला भोगला आहे त्यांना ठाऊक असेल की अबोल्यातही बोलावे लागतेच, फक्त त्याचे व्याकरण वेगळे असते. "चहा झालाय म्हणावं." "दूध उतू चाललंय म्हणावं." कुणी म्हणावे, कुणाला म्हणावे, हे सांगायचे नाही. आरंभी हे निरोप चिरंजीव पोचवीत. मग त्याची शाळा सुरू असली तरी वाक्यातले 'म्हणावं' काही सुटेना. आम्ही दोघी भिंतीकडे पाहून बोलत असू. भिंतीला बिचारीला किती निरोप ऐकावे लागले असतील!

श्रावणात धरलेला हा अबोला दिवाळी ओलांडून मार्गशीर्षात आला. एका दुपारी हे पाळीवर, मुलगा शाळेत, आत्याबाई खाटेवर कुशीवर पडलेल्या. मी यंत्र आवरून ठेवायला गेले आणि सहज लावून पाहिले. मारिओ मला जमत नसे. तो सारखा खड्ड्यात पडे. 'काँट्रा'मध्ये तर मी दिसले रे दिसले की मरत असे. म्हणून यादीतले एक निरुपद्रवी नाव निवडले. 'बायनरी लँड'.

हा खेळ हडसन सॉफ्ट या जपानी कंपनीने १९८५ साली फॅमिकॉमसाठी काढला. पडद्याच्या तळाशी दोन पेंग्विन उभे असतात, एक नर आणि एक मादी. मधोमध भिंत; इकडे एकाची वाट, तिकडे दुसरीची. वर मध्यभागी पिंजऱ्यात एक बदाम. दोघांना त्या बदामाच्या दोन बाजूंना एकाच वेळी नेऊन उभे करायचे, की पिंजरा उघडतो. एवढे वाचून कुणालाही वाटेल, यात अवघड काय? अवघड हे की कळ एकच आहे. ती दाबली की दोघेही हलतात, आणि आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे हलतात. हा उजवीकडे निघाला की ती डावीकडे निघते. शिवाय दोघांच्या वाटा सारख्या नसतात. इकडे मोकळा रस्ता असतो तेव्हा तिकडे भिंत असते, नाहीतर कोळ्याचे जाळे असते. हातात एक फवारा असतो. त्याने जाळी काढायची आणि कोळ्यांना मारायचे. वेळ मोजका.

मी माझे लक्ष डावीकडच्या पेंग्विनावर ठेवले आणि त्याला मोठ्या डौलाने वर नेले. तेवढ्यात उजवीकडची पेंग्विन कोळ्याच्या तोंडी गेली. पुन्हा डाव मांडला. पुन्हा तेच. चौथ्या की पाचव्या खेपेला मागून, खाटेवरून, भिंतीला उद्देशून आवाज आला :

"उजवीकडं कोळी आलाय म्हणावं."

मी वळून पाहिले नाही. अंगठा मात्र थांबवला. कोळी निघून गेला आणि पेंग्विन वाचली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी यंत्र लावले तेव्हा खाटेवर कूस बदलल्याचा आवाज झाला. तिसऱ्या दिवशी आत्याबाई उठून बसल्या. मी डावीकडे पाही, त्या उजवीकडे पाहत. "थांबावं म्हणावं." "आता जावं म्हणावं." असे आमचे 'म्हणावं' सहासात दिवस चालले. आणि मग एका दुपारी दोन्ही पेंग्विन अगदी बदामाजवळ पोचले असताना आत्याबाई एकदम ओरडल्या, "अगं थांब! जाळं आहे तिकडं!"

'म्हणावं' राहून गेले होते. दोघींच्याही ते एकदमच लक्षात आले. पडद्यावरची वेळ सरत होती. मी कसेबसे म्हटले, "कुठं, आत्याबाई?"

"कुठं काय, तिकडं. तुझं ध्यान एकीकडंच असतंय."

चार महिन्यांचा अबोला असा सुटला. त्या दिवशी आमचा डाव बुडाला की जिंकला, ते मला आठवत नाही.

मग दुपारचा तो आमचा नेमच झाला. नळाला पाणी येऊन गेले, भांडी झाली, की सतरंजी पडे. त्या कॅसेटीतले जे खेळ आम्ही दोघींनी मन लावून खेळलो, ते आज कुणी फारसे आठवत नाही. म्हणून त्यांची नावे सांगते.

पहिला 'बॅटल सिटी'. नामको कंपनीचा, १९८५ सालचा. गल्लीत त्याला 'टँकवाला गेम' म्हणत. विटांच्या भिंतींचे मैदान, तळाशी एक गरुड, आणि त्या गरुडाची राखण करणारे आपले दोन रणगाडे. एकेका टप्प्यात शत्रूचे वीस रणगाडे येतात. असे पस्तीस टप्पे. यातली खुबी अशी की आपला गोळा जोडीदाराला लागला तर तो मरत नाही, पण काही वेळ जागच्या जागी खिळून राहतो. आणि आपलाच गोळा गरुडाला लागला तर खेळ संपतो. शत्रूपेक्षा आपणच आपले घर अधिक वेळा पाडतो, हे या खेळाइतके स्वच्छ मला कुठल्या प्रवचनातही कुणी सांगितले नाही. आत्याबाईंच्या हाती दुसरा रिमोट आला तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यांनी गरुड सहा वेळा मारला, आणि दरवेळी पदर तोंडाला लावून हसल्या. या खेळात स्वतः मैदान रचण्याचीही सोय आहे. चिरंजीवांनी विटा आणि पाणी मांडून दौलताबादचा किल्ला बांधला होता, खंदकासकट.

दुसरा 'लोड रनर'. हा अमेरिकेतला, डग्लस स्मिथ नावाच्या तरुणाने रचलेला आणि ब्रॉडरबंड कंपनीने १९८३ साली काढलेला. हडसनने तो पुढच्या वर्षी फॅमिकॉमवर आणला. यातल्या गड्याला उडी मारता येत नाही, त्याच्याजवळ शस्त्र नाही. त्याला येते एकच विद्या : आपल्या डाव्या-उजव्या हाताला खड्डा खोदणे. पाठलाग करणारे त्यात पडतात, हा त्यांच्या डोक्यावरून चालत जातो, आणि थोड्या वेळाने खड्डा आपोआप बुजतो. सगळे सोने गोळा झाले की वर जायची शिडी मिळते. आत्याबाई म्हणत, "हा गडी पेवं खोदतोय." त्यांच्या गावी पूर्वी ज्वारी पेवात साठवीत. पेव केव्हा उघडायचे आणि केव्हा बुजवायचे, याचा अंदाज त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगला होता. घाईने खोदलेल्या खड्ड्यात मीच अडकून बसे.

तिसरा 'सर्कस चार्ली', कोनामी कंपनीचा, मूळचा १९८४ चा. सिंहावर बसून जळत्या कड्यांतून उड्या, मग तारेवरची कसरत, आणि तारेवर समोरून येणारी माकडे. यात डोके फारसे लागत नाही. पण दिवाळीत घर पाहुण्यांनी भरले की चार वर्षांच्या भाचीपासून सत्तर वर्षांच्या मामांपर्यंत सगळ्यांना हसवणारा दुसरा खेळ मी पाहिला नाही.

हे खेळ मागे का पडले, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. एक कारण साधे आहे. फॅमिकॉमवरचे 'बॅटल सिटी' आणि 'बायनरी लँड' जपानात विकले गेले, अमेरिकेतल्या घरगुती यंत्रासाठी ते निघालेच नाहीत. जुन्या उत्तम खेळांच्या याद्या पुष्कळशा ज्यांनी केल्या त्यांचे बालपण अमेरिकेत गेले; त्या बालपणात हे खेळ नव्हते. आपल्याकडे ते आले नकलेच्या वाटेने, खोक्यावाचून, पुस्तिकेवाचून, कर्त्याच्या नावावाचून. जात्यावरच्या ओव्यांसारखे. ओवी सगळ्यांच्या ओठी, पण रचणारी कोण, ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणून आपणही 'टँकवाला', 'पेंग्विनवाला' एवढेच म्हणत राहिलो, आणि नाव नसलेल्या वस्तू लवकर हरवतात.

दुसरे कारण मला अधिक खरे वाटते. मारिओत एक नायक आहे. तो धावतो, आणि बाकीचे पाहतात. या खेळांत मिरवण्यासारखे कुणी नाही. त्यांना दुसरे माणूस लागते; निदान दुसऱ्याच्या वाटेकडे पाहण्याची सवय लागते. आणि आकार तो केवढासा! १९८५ सालचा सगळा 'सुपर मारिओ' चाळीस किलोबाइटांत मावतो. 'बॅटल सिटी' त्याहून लहान. आज दिवाळीला मोबाइलवर पणतीचे जे चित्र येते, तेही बहुधा याहून जड असते. एवढ्याशा जागेत चित्रांचा थाट करता येत नाही. खेळाचा नियमच पक्का असावा लागतो.

१९९८ च्या हिवाळ्यात घरी पाहुणे आले म्हणून आम्ही सगळी वेरूळला गेलो. घृष्णेश्वराचे दर्शन झाले, कैलास पाहून झाला, आणि पाय दुखत असतानाही आत्याबाई एकविसाव्या लेण्यात आल्या. या लेण्याला रामेश्वर म्हणतात. सुमारे सहाव्या शतकातले आहे. तेथे भिंतीवर शंकर-पार्वती सारीपाट खेळत बसलेली आहेत. खाली नंदी आहे आणि त्याची थट्टा करणारे गण आहेत. आत्याबाई बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बघ, देवालाबी दुपारचं काम नसतंय."

आपल्या पाडव्याचे एक जुने नाव द्यूतप्रतिपदा आहे. त्या दिवशी पार्वतीने शंकराला द्यूतात हरवले, अशी कथा सांगतात. त्या कथेत कोण जिंकले याचे मला फारसे वाटत नाही. मला वाटते ते हे की दोघे समोरासमोर बसली होती.

वेरूळहून आल्यावर एकदा आम्ही पेंग्विन खेळत होतो. डाव रंगात आला होता. आत्याबाईंनी पडद्यावरची नजर न काढता विचारले, "तो हंडा त्यानं कितीला घेतला गं?"

माझ्या पोटात धस्स झाले. दोन वर्षांत त्यांनी हंड्याचे नाव काढले नव्हते, आणि मीही माफी मागितली नव्हती. मी म्हटले, "दोन डब्यांवर, आत्याबाई. स्टीलच्या."

"दोनच?" त्या म्हणाल्या. "फसवलं की तुला त्यानं!"

इतकेच. हंडा मी विकला, हा माझा अपराध. पण त्या वाक्यात अपराधी झाला तो मोडवाला, आणि मी झाले फसलेली पोर. एवढ्या सफाईने कुणी मला कोळ्याच्या तोंडातून बाहेर काढले नव्हते.

१९९९ च्या पावसाळ्यात आत्याबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणेही गेले, काही महिन्यांनी थोडे शब्द परत आले, तेही अर्धेमुर्धे. दवाखान्यातून घरी आणले तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहत. हा अबोला पहिल्या अबोल्याहून फार वाईट होता; यात 'म्हणावं'सुद्धा नव्हते.

एका दुपारी मी यंत्र लावले. खाटेला टेकून बसले, आणि रिमोट त्यांच्या डाव्या हाताखाली ठेवला. दिशांची कळ डाव्या अंगठ्याची असते, हे मी आधी सांगितलेच आहे. फवाऱ्याची कळ उजव्या टोकाला. ती मी धरली. एका रिमोटवर दोघींचे दोन अंगठे. आरंभी पेंग्विन जागचे हलेनात. मग हलले. एकजण जाळ्यात अडकला. या खेळात एक अडकला म्हणजे डाव संपत नाही. दुसऱ्याने येऊन त्याचे जाळे काढायचे असते. दोघेही अडकले तर मात्र गेलेच. आम्ही त्या दिवशी एकही टप्पा पार केला नाही. पण कोळी दिसला तेव्हा आत्याबाई "को... को..." म्हणाल्या, आणि मी फवारा दाबला.

त्या खेळाने त्यांना गुण आला, असे मी म्हणणार नाही. जो काही आला तो औषधाने आणि व्यायामाने. त्यांचा उजवा हात पुन्हा कधीच उचलला गेला नाही. पुढची चार वर्षे त्या खाटेवरच होत्या. २००३ साली गेल्या. पण त्या चार वर्षांत दिवसातला निदान अर्धा तास असा होता, की त्यात कोण कुणाची सेवा करते आहे हे आम्हां दोघींनाही कळत नसे.

यंत्र अजून माळ्यावर आहे. बंदूक आता निरुपयोगी आहे. बंदूक टीव्हीवर गोळी झाडते असे आम्हांला वाटे. खरे उलटेच होते. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होई, सावजाच्या जागी पांढरा चौकोन चमके, आणि तो उजेड बंदुकीला दिसला की नेम लागला असे यंत्र समजे. हे जुन्या काचेच्या पेटाऱ्यासारख्या टीव्हीवरच जमते. आजच्या सपाट टीव्हीपुढे ती बंदूक आंधळी आहे. बाकीचे खेळ मात्र मेलेले नाहीत. दोन रिमोटची स्वस्त यंत्रे खेळण्यांच्या दुकानांत अजून मिळतात, आणि त्यांत टँकवाला पुष्कळदा असतो. पेंग्विनवाला शोधावा लागेल. शोधा. आणि मिळाला तर एकट्याने खेळू नका. एकाने रिमोट धरावा, आणि दुसऱ्याने दुसरीकडे पाहावे. घरात ज्याच्याशी फारसे बोलणे होत नाही, त्यालाच शेजारी बसवावे.

गेल्या पाडव्याला मुलाने आपल्या लॅपटॉपवर तो खेळ लावून दिला. नातवाने बाणांच्या कळांवर बोटे ठेवली, डावा पेंग्विन झपाट्याने वर नेला आणि उजवीकडची घालवली. तीनदा असे झाल्यावर तो चिडून म्हणाला, "आजी, हा गेमच चुकीचा आहे. एकाला नीट नेलं की दुसरा मरतो!"

"चुकीचा नाही. पुन्हा लाव."

त्याने लावला. मी त्याच्यामागे खुर्चीत बसले होते. माझी नजर आपोआप उजव्या बाजूला गेली, आणि तोंडातून शब्द निघून गेले, "उजवीकडं कोळी आलाय म्हणावं."

तो थांबला. कोळी निघून गेला. मग त्याने वळून विचारले, "कुणाला म्हणावं, आजी?"

मी म्हटले, "तू पुढं बघ. तुझं ध्यान एकीकडंच असतंय."